सदिशराव आणि कोरडे दिवस

१६ नोव्हेंबर १९७२. भोकं पाडलेली कार्डं क्रमाने लावून रबर घालायचं काम माझ्याकडे होतं आणि सदिशराव शेजारी उभे राहून माझ्या बोटांवर पहारा करत होते. आपल्या कार्डांना दुसऱ्या कुणाचा हात लागला की या गृहस्थांचा जीव खालीवर होई. संध्याकाळच्या एसटीने त्यांना बदलीच्या गावी निघायचं होतं, तरी नजर हटेना.

खरं नाव वेगळं. आमच्या नगरच्या कचेरीत जिल्ह्यातल्या पावसाच्या नोंदी जमत. गणित करणारं यंत्र पुण्याला. त्याला कळेल अशा आज्ञा सदिशरावांनी कार्डांवर उतरवल्या होत्या. एका गावाच्या रोजच्या पावसाची सबंध रांग म्हणजे सदिश, सुटा एक आकडा म्हणजे अदिश. हे ते टपालवाल्यालाही थांबवून समजावत, म्हणून ते नाव पडलं.

दर क्रियेचं पुडकं वेगळं. रांगेत रांग मिळवायची, रांगेला एका आकड्याने गुणायचं, रांगेतल्या प्रत्येक आकड्यात एक आकडा मिळवायचा. तिन्ही पुडकी बिस्किटांच्या डब्यात. एकदा मी तो खिडकीत ठेवला, तर म्हणाले, "बाई, उन्हाने कार्ड वाकतं." मला ऊन लागतं का, हे कधी विचारलं नाही.

जेवताना पुन्हा तेच. "प्रत्येक वाटीत एक चमचा आमटी घालणं वेगळं आणि प्रत्येक वाटी दुप्पट करणं वेगळं. रिकामी वाटी दुप्पट केली तर?"

"तर तुम्ही उपाशी," मी म्हणायचे आणि जेवायला लागायचे.

त्या दुपारी नेवाशाकडच्या एका गावचे दगडूबुवा आले. तिथल्या पर्जन्यमापकातलं पाणी तेच मोजत. त्यांच्याकडचं मापाचं भांडं चुकीचं निघालं होतं, कमी दाखवायचं. म्हणून त्यांची प्रत्येक नोंद १.२ ने गुणायची होती. तो दुरुस्त नोंदींचा तक्ता पुण्याहून तयार होऊन आला होता. एक प्रत सकाळीच कलेक्टर कचेरीत गेली होती, दुसरी माझ्या टेबलावर होती.

"बाई, ह्यो पाऊस कुठनं आनला?" दगडूबुवांनी बोट ठेवलं.

"का? काय झालं?"

"रोज पडलाय की कागदात! आमच्याकडं चिमनीचं पंख भिजलं न्हाईत, आन् तुमी पोळ्यापासनं झड लावलीया. सायेब म्हनतील, एवढं पानी हाय तर दुष्काळी काम कशाला? अर्धं गाव त्या कामाच्या आशेवर बसलंय, बाई."

दुष्काळी कामं कुठल्या गावांना द्यायची, ती यादी दुसऱ्या दिवशी दुपारी पक्की व्हायची होती. सदिशरावांनी तक्ता ओढला आणि एका नजरेत ओळखलं. पुण्याला कार्डं पाठवताना गुणायच्या पुडक्याऐवजी मी मिळवायचं पुडकं लावलं होतं. दर दिवसात १.२ मिलिमीटर मिळवला गेला, कोरड्या दिवसांतही.

"रोज पाऊस, तोही न चुकता," ते म्हणाले. "इंद्राला जमलं नाही ते तुम्ही केलंत."

यंत्रावर आमची पाळी आठ दिवसांनी. सदिशरावांनी ट्रंक टेबलाखाली सारली आणि बाह्या वर केल्या. दगडूबुवांच्या वहीतले आकडे मी वाचायचे, ते गुणायचे, मी लिहायचे. शून्य आलं की थांबत.

"शून्य गुणिले १.२?"

"शून्य."

"मोठ्याने."

"सायेब," दगडूबुवा हसले, "बाईला पाढं म्हनाया लावताय व्हय!"

तेवढ्यात एसटी गेली. तक्ता पुरा करून, दोनदा तपासून, ते पुढच्या गाडीला निघाले. स्टँडवर मी विचारलं, "चूक कुणाची म्हणून सांगू?"

"माझी. दोन्ही पुडक्यांना एकाच रंगाची पट्टी मी लावली. आणि मी तर चाललोच आहे, मला कोण शोधतंय?" गाडीत चढताना वळून म्हणाले, "तुमचं अक्षर मात्र जरा मोठं हवं होतं."

पुन्हा भेट झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडायच्या आधी मी कलेक्टर कचेरीच्या पायरीवर होते. जुना तक्ता मागून घेतला, नवा दिला. कारकुनाने विचारलं, "चूक कुणाची लिहू?" गावाचं नाव यादीत चढलेलं आधी डोळ्यांनी पाहिलं, मग माझं नाव सांगितलं.