चार महिन्यांच्या नोंदी

पप्पांचा पाय गुडघ्याखालून कापावा लागला, याला आम्हा दोघांची चिकित्सक बुद्धी कारणीभूत आहे. हे मी कुणापाशी बोलले की लोक लगेच समजूत घालतात. म्हणतात, डायबेटिसच वाईट, तू काय करणार होतीस? मला समजूत नको असते. आमच्या घरात समजुतीला कधी किंमतच नव्हती.

पप्पा एका कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत असिस्टंट होते. मुलं यायच्या आधी टेबलांवर उपकरणं मांडून ठेवायची, हे त्यांचं काम. मांडण्याआधी ते प्रत्येक उपकरण तपासत. व्हर्नियर कॅलिपर काहीही न मोजता मिटून धरली की शून्य दाखवते की नाही, ते बघत. नसेल दाखवत तर किती फरक आहे ते चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी चिकटवत. प्राध्यापकांनी हे काम त्यांना कधी सांगितलं नव्हतं. 'खोटं बोलणाऱ्या वस्तूचं खोटं आधी माहीत असलं की ती कामाची असते,' असं ते म्हणायचे.

आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हापासून आमच्याकडे देव, नवस, उपास काही नव्हतं. त्या रिकाम्या जागेवर पप्पांनी एक शब्द आणून बसवला होता, 'कशावरून?' पपई गरम पडते, कशावरून? ग्रहणात शिजवलेलं बाधतं, कशावरून? सिंहगडावर एक वाटाड्या घोरपडीला दोर बांधून मावळे कडा कसे चढले ते रंगवून सांगत होता. पप्पांनी विचारलं, "घोरपड माणसाचं वजन पेलते, हे कुणी करून बघितलंय का?" वाटाड्या शांतपणे म्हणाला, "साहेब, तुम्ही खाली जा, आम्ही वरून घोरपड सोडतो." स्वारगेटला बसमधून उतरेपर्यंत पप्पा हसत होते. मूर्ती दूध पितात अशी आवई उठली, त्या दिवशी त्यांनी कॉलनीच्या फाटकाशी एक वीट ठेवली आणि चमच्याने तिला दूध पाजून दाखवलं. चार माणसं पटून गेली, दहा चिडून गेली. आई म्हणाली, "अहो, नसती उठाठेव. अर्धा लिटर दूध गेलं."

मी या शब्दावर वाढले आणि पुढे त्याच्यावरच पोट भरायला लागले. कॉम्प्युटर इंजिनिअर झाले आणि हिंजवडीच्या एका कंपनीत टेस्टर म्हणून लागले. दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या, हे माझं काम. पप्पांना त्याचं केवढं अप्रूप! "आम्ही फुकट शंका काढल्या, हिला शंकांचा पगार मिळतो," असं ते येईल त्या पाहुण्याला सांगत. मी वारज्यात फ्लॅट घेतला, पप्पा निवृत्त झाले, आणि आम्ही तिघं तिथे राहायला आलो. सकाळी मी हायवेवर कंपनीच्या बसची वाट बघायची, तेव्हा ते टेकडीवरून फिरून परत येत असायचे.

त्यांना डायबेटिस निघाला तेव्हा मी कामासाठी सहा महिने अमेरिकेत होते. येताना त्यांच्यासाठी घरच्या घरी रक्तातली साखर मोजायचं मशीन आणलं. तेव्हा आपल्याकडे ते फारसं कुणाकडे नसायचं. बोट टोचायचं, मशीनमध्ये घातलेल्या पट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, की आकडा येतो. तिथून येणाऱ्या सगळ्यांची एक रीत असते, बॅगेचं वजन भरू नये म्हणून खोकी तिथेच टाकून द्यायची. मीही टाकली. मशीनचं खोकं टाकलं, पट्ट्यांचं टाकलं, त्यातली माहितीपुस्तिका टाकली. मशीन मी तिथेच चालू करून घेतलं होतं. वापरायचं कसं ते पप्पांना तोंडी सांगितलं.

पप्पांनी त्याच दिवशी फुलस्केप वही आणली. तारीख, वेळ, उपाशीपोटी की जेवून, किती चालले, आकडा. आठवड्याच्या शेवटी आलेखाच्या कागदावर ठिपके. गोळ्या चालू होत्या, आकडे बरे होते, सगळं छान चाललं होतं.

मग आमच्या मजल्यावरच्या एका निवृत्त हेडक्लार्कांनी जांभळाच्या बियांची पूड आणून दिली. म्हणाले, "महिनाभर घ्या, गोळ्या फेकून द्याल." पप्पांनी अर्थातच विचारलं, कशावरून? "माझ्या साडूवरून," हेडक्लार्क म्हणाले. साडूवरून सिद्ध होत नाही, असं पप्पांनी त्यांना ऐकवलं. पण माणसाला खोटं पाडायचं तर नीट पाडावं, हा त्यांचा खाक्या. "एका वेळी एकच गोष्ट बदलायची," ते मला म्हणाले. "पंधरा दिवस गोळ्या बंद, पूड चालू. आकडा चढला की विषय संपला." मी मान डोलावली. मलाही मजा वाटत होती. आई तेवढी कुरकुरली. डॉक्टरांना विचारा, एवढंच तिचं म्हणणं होतं. पप्पा आणि मी एकमेकांकडे बघून हसलो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

पंधरा दिवसांत आकडा चढला नाही. पप्पा चक्रावले. मग त्यांनी पूडही बंद केली. गोळी नाही, पूड नाही, नुसतं चालणं. आकडा पाच-दहाने वर गेला, तेवढाच. आता त्यांचे डोळे चमकायला लागले. पुडीने काही होत नाही हे सिद्ध झालं होतं, आणि त्यांच्या मते गोळ्यांनीही काही होत नाही हेही सिद्ध झालं होतं. मूळ निदानच चुकलं असावं, किंवा चालण्याने ते बरे झाले असावेत. डॉक्टरांकडे जायचं त्यांनी सोडलं. आई काही बोलली की ते मशीन पुढे करत. "हातच्या काकणाला आरसा कशाला? हे बघ, एकशे बत्तीस."

असे चार महिने गेले.

पावसाळा संपताना त्यांच्या नव्या बुटाने करंगळी चावली. दुखत नाही म्हणून त्यांनी लक्ष दिलं नाही. दुखत का नाही, हा प्रश्न त्यांनाही पडला नाही आणि मलाही. करंगळी काळपट पडली आणि वास यायला लागला, तेव्हा आईने रडून-ओरडून त्यांना हॉस्पिटलात नेलं. मी ऑफिसातून परस्पर तिथे पोचले. डॉक्टर तरुण होते, घाईत होते. "साखर अडीचशेच्या वर आहे. उपाशीपोटी. आजच ॲडमिट करा, बोट काढावं लागेल."

पप्पांनी पिशवीतून वही काढली.

"आमच्याकडे चार महिन्यांच्या नोंदी आहेत," ते म्हणाले. "एकदाही दीडशेच्या वर गेलेली नाही. आपलं यंत्र शेवटचं कधी तपासलं होतं?"

डॉक्टरांनी वही चाळली. खरोखर चाळली, पानं उलटून. "वही फार सुंदर आहे, काका. पण मला पाय बघायचाय."

मला राग आला. इथे मला खोटं बोलून पळवाट काढता येईल, पण काढत नाही. पप्पा बोलले त्यापेक्षा मी जास्त बोलले. नवी-नवी हॉस्पिटलं उघडतायत, यांना खाटा भरायच्या असतात, असं मला वाटत होतं, आणि ते मी जवळजवळ तोंडावर म्हणाले. रिपोर्टची पद्धत विचारली. दुसऱ्या लॅबमधून तपासून आणते म्हटलं. आईने माझा हात धरला. "अगं, ते सांगतायत तर ठेव ना त्यांना इथे." मी हात सोडवून घेतला आणि पप्पांना घरी घेऊन आले.

दुसऱ्या लॅबचा रिपोर्ट दुसऱ्या दिवशी आला. तोच आकडा, थोडा जास्तच. रिक्षात बसल्या-बसल्या पप्पा म्हणाले, "दोघांचं रसायन एकाच कंपनीचं असू शकतं." आणि मी, देवाशपथ म्हणायला आमच्याकडे देव नाही, पण मी खरंच म्हटलं, "बरोबर आहे." तिसरी लॅब शोधायला मी कोथरूडपर्यंत गेले. परत आले तेव्हा त्यांना हुडहुडी भरली होती आणि लाली घोट्याच्या वर चढली होती. साध्यासुध्या घरातला माणूस पहिल्याच दिवशी ॲडमिट झाला असता. एका बोटावर भागलं असतं. आम्ही पुरावे गोळा करत दोन दिवस घालवले.

आधी बोट काढलं, मग अर्धं पाऊल. मग डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं आणि गुडघ्याखालून कापायच्या कागदावर सही करायला सांगितली. या वेळी मी काहीच विचारलं नाही. पेन उमटत नव्हतं, ते झटकून सही केली.

पप्पा ऑपरेशन थिएटरात होते तेव्हा त्यांचं सामान आवरताना मशीन हातात आलं. मी ते तिथल्या नर्सबाईंना दाखवलं. चांगल्या, वयस्क होत्या. मला अजूनही कुठेतरी आशा होती, की मशीन बरोबर निघेल आणि सगळं जग चुकीचं निघेल. त्यांनी मशीन चालू केलं, पट्ट्यांची डबी उलटी करून बघितली आणि म्हणाल्या, "ताई, कोड बदलला नाहीत का तुम्ही?"

कसला कोड, मी विचारलं. पट्ट्यांच्या प्रत्येक डबीवर एक आकडा छापलेला असतो. नवी डबी उघडली की मशीनमध्ये तोच आकडा लावायचा, नाहीतर मोजमाप चुकतं. पहिल्या डबीचा आकडा मी अमेरिकेत लावला होता, लावतेय हे धड लक्षातही न ठेवता. पुढच्या डब्या माझ्या एका सहकाऱ्याने येताना आणल्या, त्याही खोकी टाकून, प्लॅस्टिकच्या पिशवीत. नर्सबाईंनी बटण दाबून आकडा जुळवला. माझंच रक्त आधी जुन्या आकड्यावर घेतलं, मग नव्यावर. दोन्हींत जवळपास दुपटीचा फरक आला. दोन मिनिटांचं काम होतं.

मी बाकावर बसून वही उघडली. पहिली डबी संपली आणि दुसरी उघडली, तो दिवस मी शोधत होते. सापडला. जांभळाच्या पुडीचा पहिला दिवस. एका वेळी एकच गोष्ट बदलणाऱ्या माणसाच्या हातून त्या सकाळी दोन गोष्टी बदलल्या होत्या. आणि ही दुसरी गोष्ट त्यांच्या नजरेतून सुटलेली नव्हती. समासात त्यांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'डबीवर २५, मशीनवर १०. फरक का? मुलीला फोन केला. चालेल म्हणाली.'

मला तो फोन आठवत नव्हता. तिथे बसून मी डोकं फोडून घेतलं तरी आठवेना. मग हळूहळू आठवलं ते एवढंच, की दुपार होती, सॉफ्टवेअर ग्राहकाकडे पाठवायची घाई होती, समोर तीन माणसं उभी होती, आणि मी फोन खांद्याने कानाशी धरून म्हटलं होतं, "पप्पा, ते मशीनचं काहीतरी असेल. चालेल. तुम्ही रीडिंग बघा." त्यांनी पुढे काही विचारलं नाही. आयुष्यभर कुणाचं काही तपासल्याशिवाय न घेणाऱ्या माणसाने माझा एक शब्द तसाच घेतला, कारण मी त्यांची इंजिनिअर मुलगी होते. आणि मी निर्धास्त होते, कारण तपासायला ते होते.

ते घरी आले तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. खिडकीशी खाट टाकली होती. आठवड्याने एका सकाळी त्यांनी मला जवळ बोलावलं.

"वही आण," ते म्हणाले. "आलेखही आण. चूक कुठेतरी असणार. ती सापडली पाहिजे. पाय गेला तो गेला, पण चूक कळायला पाहिजे, नाहीतर उगीच गेला."

वही माझ्या कपाटात साड्यांखाली होती. मी रोज सकाळी ती तिथेच आहे ना, ते हात घालून बघत होते. मला वाटलं, आणावी, ते पान उघडून त्यांच्या मांडीवर ठेवावं आणि त्यांच्यासमोर मरून जावं. मी म्हटलं, "पप्पा, वही हॉस्पिटलात हरवली."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी वाट पाहिली. कुठे ठेवली होतीस, कुणाला विचारलंस, परत जाऊन बघितलंस का, यांतलं काहीही त्यांनी विचारलं असतं तर मी उभी कोसळले असते, आणि मला तेच हवं होतं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, केस नीट केले, लहानपणी शाळेत जाताना करायचे तसे.

"बरं," ते म्हणाले. "हरवली तर हरवली."

त्यानंतर ते तीन वर्षं जगले, आणि त्या वहीबद्दल त्यांनी मला एकही प्रश्न विचारला नाही.