माळ उतरली

झुंबरबाईचं नाव काढलं की आमच्या गावात माणूस आपोआप डोक्याला हात लावतो. अर्ध्या गावाच्या डोक्यावर तिनं कधी ना कधी काविळीची माळ ठेवलेली आहे. कुठल्या झाडाच्या काड्या, ते ती मेली तरी सांगायची न्हाई. काड्यांचे बारीक तुकडे दोऱ्यात गाठीगाठीनं बांधायचे अन् टोपीसारखी ती माळ डोक्यावर ठेवायची. काड्या वाळतात, गाठी सैल होतात, माळ लांबत लांबत गळ्यात येते, मंग कमरेला. माळ उतरली म्हणजे कावीळ उतरली. अन् माणसं बरी होतात बरं का. दूषित पाण्याची कावीळ पथ्यावर राहिलं तर बहुतेक तशीही जाते, असं मी तिला एकदा म्हणाले. तर मला म्हणते, "मंग तुम्ही अंगणवाडीत पथ्यच वाटा की उषाबाई, खिचडी कशाला शिजवता?" त्या बाईच्या तोंडी लागायचं काम न्हाई.

मी उषा. गोदावरीकाठच्या भिल्ल वस्तीची अंगणवाडी माझ्याकडं आहे. लेकरांची वजनं करायची, खिचडी शिजवायची, अन् ऐकणाऱ्याला चार शब्द सांगायचे. ऐकणारे कमीच. झुंबरबाई त्याच वस्तीतली. नवरा नदीत मासे धरायचा, तो लवकर गेला. मंग तिच्या दोन पोरांना वाढवलं ते तिच्या भावानं, भिवानं. भिवा आष्टीकडं राहतो. दर भाऊबीजेला पिशवीत लुगडं घेऊन जीपमधून उतरायचा, अन् त्या दिवशी झुंबरबाईचा तोरा बघावा. "भाऊ असावा तर असा," हे ती मला धरून दहा जणींना ऐकवायची. त्याच उपकारापोटी तिनं शब्द दिल्ता, माझी दोन्ही पोरं तुझ्या दोन्ही पोरींना. मामाची पोर करायची, ही रीतच आहे. थोरल्याला भिवाची थोरली शिवकन्या केली. धाकट्याचं दसऱ्याला पक्कं करायचं ठरलं होतं. हा शब्द मोडला तर भाऊ तुटणार, हे तिलाही ठावं होतं अन् साऱ्या वस्तीलाही.

शिवकन्येला पहिला पोरगा झाला, तो पिवळा पडूनच गेला. लोक म्हणाले नजर लागली. दुसरी तृप्ती. तिचेही डोळे पिवळे. अन् खाज! बाप रे, तसली खाज मी कुण्या लेकराची पाह्यली न्हाई. अंगावर पुरळ न्हाई, खरूज न्हाई, अन् पोरगी रक्त निघेपर्यंत खाजवायची. शिवकन्येनं जुन्या सदऱ्याच्या पिशव्या शिवून तिच्या हातांना बांधल्या होत्या. अंगणवाडीत बाकीची पोरं टाळ्या वाजवायची अन् ही पिशव्या आपटायची. वजन वाढायचं नाव न्हाई.

झुंबरबाईनं नातीला माळ घातली. माळ बराबर कमरेला आली, डोळे पिवळे ते पिवळेच. दुसरी घातली. तीही उतरली. मी म्हणाले, "मावशे, माळ उतरून राह्यली, पण कावीळ उतरून न्हाई राह्यली. आता तरी संभाजीनगरला न्या." ती माझ्यावर अशी खेकसली की मी दोन दिवस वस्तीत गेले न्हाई. तिसऱ्या दिवशी स्वतःच दारात आली. म्हणाली, "कोणत्या दवाखान्यात जायचं, ते सांगा." मी चिठ्ठी दिली. सासू-सून लेकराला घेऊन गेल्या. मला रजा मिळाली न्हाई, न्हाईतर पुढचं घडलंच नसतं.

झुंबरबाई परत आली ती हसत. जीपमधून उतरल्या उतरल्या ओरडली, "उषाबाई, डॉक्टर म्हणला, उतरली!" दारोदार साखर वाटली. माझ्याही तोंडात चिमूट कोंबली. मीही खूश झाले, खोटं कशाला बोलू. गोळ्या अन् औषधाची बाटली दिल्ती, ती तिनं फळीवर ठेवून दिली. उतरलेल्या काविळीला गोळ्या कशाला? पोरीची खाज मात्र तशीच. "उतरता उतरता खाजतंय," म्हणायची. आता घ्या!

एक दिवस अंगणवाडीत खिचडी खाता खाता तृप्तीच्या नाकातून रक्त आलं. थांबेचना. माझा पदर भिजला. घनसावंगीची जीप सुटायला आल्ती, तिच्यात आम्ही तिला घातलं अन् तिथून पुढं थेट संभाजीनगर. ह्या खेपेला मी सोबत होते. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, रक्त थांबलं. मंग त्यांनी विचारलं, औषध का बंद केलं? झुंबरबाई ठसक्यात म्हणाली, "तुम्हीच म्हणले न्हवं का, उतरली म्हणून?"

डॉक्टर आठवून म्हणाले, "आजी, मी म्हणालो होतो, ही कावीळ तुमच्या घराण्यातून हिच्यात उतरलीय."

मला हसावं का रडावं कळेना. एकच शब्द. तिनं आख्ख्या जन्मात तो एकाच अर्थानं ऐकलेला. उतरली म्हणजे गेली. अन् हा माणूस म्हणून राह्यला होता, उतरली म्हणजे आली.

मंग त्यांनी सावकाश समजावलं. लिवरातलं पित्त खाली आतड्यात जायला पाहिजे, हिचं जात न्हाई, तिथंच साठतं. ते अंगात चढतं म्हणून खाज. अंगाला जीवनसत्त्वं लागत न्हाईत म्हणून रक्त. दोष मायबाप दोघांतही अर्धा-अर्धा असतो. अर्ध्यानं काही होत न्हाई, माणूस धडधाकट जगतो. दोन अर्धे एका लेकरात आले की आजार. नात्यातल्या नात्यात लग्नं झाली की दोन अर्ध्यांची गाठ पडायची शक्यता वाढते. आता ऑपरेशन करून पित्ताला पोटावर वाट काढून द्यायची, ते पिशवीत जमा होईल. खाज कमी व्हावी. पुढं-मागं लिवर बदलायचीही पाळी येईल, ते आत्ताच सांगता येत न्हाई.

झुंबरबाईनं सगळं ऐकलं. एवढंच विचारलं, "मंग हे माझ्यात बी हाय?"

"असणार. तुमच्यात अन् तुमच्या भावातही. आईबापांपैकी कुणाकडून तरी दोघांत आलं असेल."

घरी आल्याबरोबर तिनं फळीवरची औषधाची बाटली काढली अन् तृप्तीला स्वतःच्या हातानं पाजलं.

पावसाळ्यात ऑपरेशन झालं. खाज शंभर टक्के गेली असं न्हाई, पण हातांच्या पिशव्या सुटल्या. एक पिशवी पोटावर आली, ती शिवकन्या व्यवस्थित सांभाळते. अन् झुंबरबाईनं वस्तीत सांगून टाकलं, लेकरांना माळ न्हाई. मोठ्यांनी यावं, अन् त्यांनीही आधी दवाखान्यात जाऊन यावं.

दसऱ्याला भिवा आला. ठरल्याप्रमाणं साखर घेऊन, चार पाहुणे घेऊन. झुंबरबाईनं मला आधीच बोलावून बसवलं होतं. मला वाटलं, आता हिची जीभ लुळी पडती का काय. पण ती सरळ बोलली. "भिवा, लग्नाआधी दोघांचं रक्त तपासू. दोघांत न्हाई निघालं तर उद्या लावू लगीन."

"माझी पोरगी बाजारातली म्हैस हाय का, दात तपासून घ्यायला?" भिवा उठलाच. "थोरलीत खोट काढली, आता धाकटीत काढून राह्यली?"

"शिवकन्येत खोट न्हाई. तुझ्या-माझ्यात हाय, बाबा. तपासायला काय जातं?"

"शब्द दिल्ता का न्हाई, आक्के?"

"दिल्ता."

"मंग शब्द पाळ. न्हाईतर तुला भाऊ न्हाई."

मी मधे तोंड घालणार होते. तिनं हातानंच मला बसवलं. ओसरीवर तृप्ती बसली होती, तिच्याकडं एकदा बघितलं अन् भावाला म्हणाली, "आपल्याकडून दोन लेकरांत उतरलं, भिवा. तवा ठावं नव्हतं. आता ठावं असून मी तिसऱ्यात उतरू देणार न्हाई. साखर माघारी ने."

तो घेऊन गेला. शिवकन्या बापाच्या मागं जीपपर्यंत गेली, त्यानं वळून बघितलं न्हाई. मला भिवाचा फार राग आला. अजूनही आहे.

भाऊबीजेला झुंबरबाईनं सकाळीच अंगण सारवलं. जीप आली, तशी ती दारात आली. जीपमधून दुसरेच कुणी उतरले. दुपारच्या जीपला पुन्हा आली. मी फराळ द्यायचं निमित्त करून तिथंच बसून राह्यले. दिवस मावळला तसं तिनं ताट केलं, निरांजन लावलं. पश्चिमेला चंद्राची बारीक कोर दिसत होती. ज्यांना भाऊ न्हाई त्या बाया चंद्राला ओवाळतात. पाठचा भाऊ जिता असून झुंबरबाईनं कोरीला ओवाळलं.

ताट तृप्तीनं धरलं होतं. हातात पहिल्यांदाच हिरव्या बांगड्या होत्या, ती मधूनच त्या वाजवून बघत होती.

"आजी, मामाआबा येणार न्हाई?"

"न्हाई बाई," झुंबरबाई म्हणाली. "ताट नीट धर. दिवा विझंल."