शेजारच्याचं वजन

काटा वाचताना रावसर श्वास रोखून धरायचे, आणि त्यांच्याबरोबर नववीचा अख्खा वर्गही. काटा स्थिर झाला, आकडा फळ्यावर पडला, की मगच खोकणाऱ्याने खोकायचं.

सर तंजावरचे मराठी. तिरुवल्लिकेणीहून पायी शाळेत यायचे. भौतिकशास्त्र शिकवताना तमिळ आणि इंग्रजी. माझ्याशी मात्र त्यांच्या घरातली जुन्या वळणाची मराठी. पहिल्याच तासाला म्हणाले होते, "काट्यावर काय दिसते ते लिही. तुज काय पाहिजे ते नको." चुकलेल्या उत्तराला ते अर्धे गुण द्यायचे. बनवलेल्या उत्तराला शून्य, आणि त्यावर रदबदली चालायची नाही.

आम्ही विट्याकडचे गलाईवाले. वडील पोटासाठी इकडे येऊन साहुकारपेठेत सोनं गाळायचे. घरात माझ्याआधी सातवीपुढे कोणी गेलं नव्हतं. वडिलांनी सांगून ठेवलं होतं, "नापास झालास की भट्टीवर बसायचं." भौतिकशास्त्राचा लेखी पेपर वाईट गेला होता. प्रात्यक्षिकात गुण मिळाले तरच दहावी.

त्या दिवशी प्रत्येकाला स्प्रिंगचा एक काटा आणि एकसारखा लोखंडी ठोकळा दिला होता. आजूबाजूचे सगळे दोनशे ग्रॅम लिहीत होते. माझा काटा दोनशे दहा दाखवत होता. तीनदा टांगून बघितलं, तेच. मी दोनशे लिहिलं.

सरांनी माझी वही बघितली आणि काट्यावरचा ठोकळा काढला. रिकामा काटा दहावर उभा होता.

"एन्नडा, काय रे, हा काटा दोनशे दाखवेल कसा? दोनशे दहा लिहायचं, त्यातून हे दहा वजा करायचे. अस्की लिहिले म्हणून तूही लिहिलास?" अस्की म्हणजे सगळे. शून्य दिलं, वर वडिलांना बोलावणं.

वडील भट्टीवरून तसेच आले, शर्टावर काजळी. ते हात जोडतील, गयावया करतील असं मला वाटलं.

"ह्यानं चोरी केली व्हय, सर?"

"चोरीच की. शेजारच्याचं वजन आपलं म्हणून लिहिलं."

वडील म्हणाले, "असल्या माणसाला आमच्यात काट्याजवळ उभं करत न्हाईत. मग ह्यो भट्टीवरबी चालायचा न्हाय."

शाळा गेली, भट्टीही गेली. सरांनी वडिलांकडे नीट निरखून बघितलं आणि मला म्हणाले, "उद्या सकाळी सातला ये."

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत आम्ही दोघंच. वेगळा काटा, अनोळखी दगड. काटा हलू नये म्हणून सरांनी पंखा बंद केला. मी आधी रिकामा काटा बघितला, तो शून्यावर होता, मग दगड टांगला. एकशे चौसष्ट.

"माझ्या वहीत एकशे सत्तर आहे," सर म्हणाले.

वाटलं, खोडावं. हातात पेन होतंच.

"काट्यावर एकशे चौसष्टच आहे, सर."

"नक्की?"

"तुम्ही बघा."

त्यांनी बघितलं नाही. वहीवर सही केली, पास होण्यापुरते गुण दिले, त्याहून एक जास्त नाही. मी दहावीत गेलो, आमच्या घरातला पहिला.

पुढे बीएस्सी झालो तेव्हा वडील मला घेऊन सरांच्या घरी गेले. सरांनी चष्मा पुसला आणि गुणपत्रिका वरपासून खालपर्यंत वाचली. मग माझ्याकडे न बघता वडिलांना विचारलं, "हे याचंच ना?"

"त्याचंच हाय, सर," वडील म्हणाले. "मी सांगतो."