रुमालाखालचं मशीन

"बगायचं कशाला? भाकर थापताना काय हाताकडं बगत बसता का?"

असं म्हणून कचेरीतल्या टायपिस्ट बाई पांढरा रुमाल झटकायच्या आणि टाइपरायटरच्या बटणांवर पसरायच्या. दोन्ही हात रुमालाखाली, डोळे शेजारच्या मजकुरावर. मग पत्र्यावर ज्वारी ओतावी तसा आवाज सुरू व्हायचा आणि पान संपलं की थांबायचा. खाडाखोड म्हणाल तर शोधून दाखवा.

दुष्काळानंतरच्या साली मी मानवतच्या त्या कचेरीत कारकून म्हणून लागलो. परभणीच्या टायपिंग क्लासातला मिनिटाला तीस शब्दांचा दाखला खिशात. त्यामुळे मान ताठ. पहिल्याच दिवशी बाईंच्या मशीनवर बसलो आणि मिनिटाला अकरा शब्द काढले, त्यातले चार वाचता येण्यासारखे होते. क्लासातलं मशीन एका कंपनीचं, हे दुसरीचं. अक्षरांच्या जागाच वेगळ्या.

"भाऊ, टायपिंग करायलाव का कोंबड्यावानी दाणे टिपायलाव?" बाई म्हणाल्या. अख्खी कचेरी हसली. मी पण हसलो, पण ते मनात ठेवलं.

बाई आठ वर्षं हंगामी. दर काही महिन्यांनी नवा हुकूम, पुन्हा तीच खुर्ची. त्यांच्या वस्तीतून कचेरीत खुर्चीवर बसलेल्या त्या पहिल्याच. म्हणायच्या, "कायम झाले ना भाऊ, की वस्तीतल्या चार पोरींना मशीनवर बसविते."

मग नवीन मशीन मागवायचा फॉर्म आला. त्यात एक रकाना होता: की-बोर्ड कोणता? हेडक्लार्क म्हणाले, "तूच भर रे, तू क्लासवाला." बाई दोन खुर्च्या पलीकडे बसलेल्या. त्यांना विचारायला मला किती वेळ लागला असता? मी माझ्या क्लासातला की-बोर्ड लिहून मोकळा झालो. वर मनात म्हणालो, आता बघू कोंबडं कोण ते.

मशीन आलं. बाईंचं जुनं रेकॉर्ड रूममध्ये गेलं. आणि चारच दिवसांत हुकूम आला: हंगामी टायपिस्टांची स्पीड टेस्ट. पास झाला तो कायम, नापास झाला तो घरी.

हुकमापाठोपाठ त्याच दिवशी परीक्षा घ्यायला जिल्ह्याहून साहेब आले. बाई उभ्या राहिल्या. "साहेब, माझं मशीन तिकडंच हाय. दोन मिन्टांत आणते."

"मशीन मशीन सगळं सारखंच. बसा."

सारखंच! अहो, तुम्हीच सांगा, सरकारी परीक्षेच्या दिवशी परभणीच्या रस्त्यानं काय जातं? हातगाड्या जातात. त्यांवर गोधड्यांत गुंडाळलेली क्लासची मशिनं असतात, कारण ज्याची बोटं ज्या मशीनवर बसली त्यानं त्याच मशीनवर परीक्षा द्यायची, ही रीत आहे. माझं मशीन तर मी टांग्यात मांडीवर घेऊन गेलो होतो, तान्ह्या पोरासारखं. एवढी साधी गोष्ट साहेबांना ठाऊक नव्हती. जन्मात एक बटण दाबलं असेल तर शपथ. पण मला ठाऊक होती ना? मी साहेबांच्या खुर्चीमागे पाण्याचा ग्लास धरून उभा होतो. तोंडातून शब्द काढला नाही.

बाईंनी रुमाल पसरला. ज्वारी सांडायला लागली, अडखळली, पुन्हा सांडली. चार दिवसांत आठ वर्षांची बोटं बदलतात होय? मग त्यांनी रुमाल काढून बाजूला ठेवला आणि बटणांकडे पाहिलं. बाईंना तसं पाहताना मी पहिल्यांदाच बघत होतो.

वेळ संपली. नापास. दुसऱ्या दिवसापासून टायपिंग माझ्याकडे आलं, आणि माझा स्पीड काय सुरेख होता म्हणून सांगू!

दोनेक वर्षांनी गंगाखेडला कोर्टाबाहेरच्या लिंबाखाली तो आवाज कानावर आला. रेकॉर्ड रूममधून भंगारात निघालेलं ते जुनं मशीन बाईंनीच घेतलं होतं. वर तोच रुमाल. बाजूला दोन पोरी मशीनवर बसायची वाट बघत होत्या.

"बोला भाऊ, काय लिवायचं?"

मला काही लिहायचं नव्हतं. मी फॉर्म सांगितला, रकाना सांगितला, कोंबडं सांगितलं, पाण्याचा ग्लासही सांगितला. बाई माझ्याकडे बघत ऐकत होत्या. बोटं रुमालाखाली चालूच.

मी थांबलो तशी बोटं थांबली. त्यांनी कागद ओढून माझ्यापुढे धरला. मी बोललो ते सगळं, शब्दाला शब्द, एका खाडाखोडीशिवाय. खाली माझं नाव आणि त्यावर मोकळी जागा.

"हं," बाई म्हणाल्या, "करा सही."