विजय एकाने जास्त

आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. त्यामुळे नागपुरात एसीच्या ऑफिसात नोकरी लागली, तेव्हा ती लावून देणाऱ्या सरांचे उपकार मला फार मोठे वाटत. सर आमच्या विभागाचे प्रमुख. अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल संघांच्या निकालांचे तक्ते करून तिकडच्या एका वेबसाइटला पाठवायचे, हे आमचं काम. मला अकरा महिने झाले होते. बारावा संपला की कायम करायचं की नाही, ते ठरणार होतं. बाबांनी आमच्या गावी, खाप्यात, चार लोकांना आधीच सांगून टाकलं होतं.

त्याच महिन्यात दहा वर्षांचा मोठा तक्ता आला. कोणता संघ किती जिंकला, किती हरला, कोण वर चढला, कोण घसरला. आकडे सरांनी भरले होते. मला फक्त मांडणी करून रंग द्यायचे होते. पण शाळेत तालुक्याच्या स्पर्धांचे निकाल मी फळ्यावर लिहीत असे, आणि खेळाच्या गुरुजींनी एक सवय लावली होती. सगळ्यांचे विजय एकीकडे, सगळ्यांचे पराभव एकीकडे मिळवायचे. दोन्ही सारखे यायला हवेत. बास्केटबॉलमध्ये तर बरोबरीही नसते.

बेरीज केली. विजय एकाने जास्त.

दोन दिवसांनी सापडलं. हंगामाच्या मध्येच होणाऱ्या एका चषकाचा अंतिम सामना साखळीच्या जय-पराजयात धरत नाहीत. सरांनी तो जिंकणाऱ्याच्या नावावर धरला होता, हरणाऱ्याच्या नाही.

मी त्यांना दाखवलं.

"तू काहून बेरजा करून राहिला गा? तुले रंग भराले सांगितले होते," सर म्हणाले. शेजारच्या टेबलावरचे हसले. मग त्यांनी आवाज खाली आणला. "तुले कायम कराचा कागद सहीले जाऊन राहिला. एका मॅचनं कोणाचं काय बिघडते?"

मी आकडा तसाच ठेवला. कळत असून ठेवला.

तक्ता पाठवल्यावर चौथ्या दिवशी तिकडून मेल आला. त्यांच्या एका वाचकाने चूक पकडली होती. तक्ता कोणी केला, असं मोठ्या साहेबांनी बैठकीत विचारलं. फाइलवर शेवटचा हात माझा होता. सर माझ्याकडे न बघता म्हणाले, पोरगा प्रामाणिक आहे, पण गावच्या शाळेत शिकलेला, पाया कच्चा राहतो.

ती बेरीज मला त्याच शाळेने शिकवली होती. मी चुकलेला आकडा वहीत लिहून घेतला. उपकार केलेल्या माणसाला चारचौघांत खोटं पाडू नये, हेही मी खाप्यातच शिकलो होतो.

मला कायम केलं नाही. आणखी एक वर्ष कंत्राटावर ठेवलं. जिन्यात सरांनी खांद्यावर हात ठेवला.

"काढूनच टाकत होते तुले. मी बोललो म्हणून राहिला."

"थँक्यू सर," मी म्हणालो. त्या क्षणी मला खरंच हायसं वाटलं होतं.