आमचा सारंग वेगळा

बाबा मालवाहू जहाजावर सारंग होते. सारंग म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. शाळेत बाईंनी सारंगचे अर्थ मोर, हरीण आणि एक राग असे सांगितले, तेव्हा मी घरी येऊन बाबांशी वाद घातला. ते म्हणाले, तो शब्द वेगळा, आमचा वेगळा. आमचा फारसीतल्या ‘सरहंग’वरून आला, म्हणजे फौजेतला अधिकारी. एका इराणी कप्तानाने त्यांना ते सांगितलं होतं.

इथे अमेरिकेत, रेडमंडमध्ये माझी एकच जिवाभावाची मैत्रीण होती. ऑफिसच्या बसमध्ये ओळख झालेली. तिला मी हे सगळं सांगितलं. मग ती स्वतःच बाबांना व्हिडिओ कॉल करू लागली. काका, काका करत तिने त्यांना बोलतं केलं. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या मराठी भाषा दिनाला ती या शब्दावर बोलणार म्हटल्यावर मी बाबांना लिंक पाठवली. तिकडे भारतात सकाळ होती. ते इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते, असं आई नंतर म्हणाली.

स्टेजवर ती म्हणाली, “माझे आजोबा सारंग होते.”

मला वाटलं, बोलताना चुकली. पण पुढे डर्बनजवळचं वादळ आलं, दोरात सापडून तुटलेलं बोट आलं. सगळं बाबांचं. तिचे आजोबा नागपुरात बँकेत होते. शेवटी तिने सांगितलं की आजोबा भर दुपारी डेकवर सारंग राग गायचे, म्हणून त्यांना हे नाव पडलं. टाळ्या थांबेनात.

आम्ही तिच्याच गाडीने आलो होतो. पावसात परतताना मी विचारलं, असं का केलंस?

“अगं, काकांचं म्हणून सांगितलं असतं तर रंगलं नसतं, यार. स्टोरीच तर आहे.”

 घराच्या अलीकडच्या सिग्नलला उतरले आणि भिजत चालत गेले. तिच्याशी पुन्हा बोलले नाही.

घरी आल्यावर बाबांना फोन लावला. 

“मी कधी गायलो गं?” त्यांनी विचारलं. मग म्हणाले, “लोकांना आवडलं ना?”

आवडलं, म्हटलं.

त्यानंतर बाबांनी जहाजावरची एकही गोष्ट सांगितलेली नाही. मी विषय काढला की ते आईच्या हातात फोन देतात.