वफ्र्याहून आणलेली मतं

बोटीवरून कुवेत पहिल्यांदा दिसलं तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "अगो बाई, हे एवढंच?" रत्नागिरीकडच्या माणसाला किनारा म्हटला की माड लागतात, डोंगर लागतो. इथं एक पिवळी रेघ, तिच्यावर पांढरी घरं आणि मागे धुराची शेपटी. शेजारी उभा असलेला कोकणातलाच एक खलाशी हसला. "बाई, इथलं समदं जमिनीखाली हाय. वर काय शोधता?" आठवडाभर बोट लागली होती, त्यामुळे पायाखाली न हलणारी जमीन मिळणार एवढ्यावरच मी खूश होते.

माझा धाकटा भाऊ वसंत तिथं अहमदीला तेल कंपनीच्या भांडारात कारकून. "ताई, एकदा ये," असं तो बरीच वर्षं लिहीत होता. मी पडले खाडीकाठच्या शाळेतली मास्तरीण. रजा मागायची तर बोर्डाच्या पाया पडावं लागतं. शेवटी एकदाची मिळाली आणि मी थंडीत निघाले.

माझ्या ट्रंकेत माझं सामान कमी आणि लोकांचंच जास्त होतं. खाडीवरचं कुणी कुवेतला निघालं की सगळ्या काठाची गाठोडी त्याच्या गळ्यात पडतात. कुळथाचं पीठ, आमसुलं, आणि वर सोनखारच्या म्हातारीने आपल्या लेकीसाठी दिलेले सुके बोंबील. कस्टमच्या साहेबाने गाठोडं सोडलं आणि दोन पावलं मागे सरला. "शिनू हादा?" (हे काय आहे?) मी म्हटलं, "मछली." त्याने नाकाला रुमाल लावला आणि बाकीचं काही न उघडता सगळ्यावर खडूने फुल्या मारल्या. लोक कस्टममध्ये तासन्‌तास अडकतात म्हणे. मला बोंबलांनी सोडवलं.

ते बोंबील न्यायला दुसऱ्या दिवशी जुलेखाबी आली. चाळिशीच्या आतली, काटक, डोळे बोलके. तिचा नवरा इथं लाँचवर होता, तो आजारात गेला. मग लेकीला आईपाशी सोनखारला ठेवून ती स्वतः आली आणि अहमदीतल्या एका इंग्रज साहेबाच्या घरी आया म्हणून राहिली. तिची हमीदा माझ्याच वर्गात, चौथीत. गाठोडं बाजूला ठेवून तिने पहिला प्रश्न विचारला, "बाई, माझी पोर शाळेत येते ना?"

मी खरं ते सांगितलं. सोनखार खाडीच्या त्या अंगाला, शाळा या अंगाला. ओहोटीला मुलं गुडघाभर चिखलातून येतात. पावसाळ्यात खाडी दुथडी भरते, होडी नाही, मग चार महिने पलीकडची मुलं घरीच. पाऊस सरल्यावर मुलगे परत येतात. मुली सहसा येत नाहीत; हमीदा आजवर आली. हमीदाच्या आजीने मला निघताना बजावलं होतं, "येत्या पावसाआधी पोरीचं नाव शाळेतून काढायचं. अर्धवट शिकून काय उपयोग?" जुलेखाबी ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे होडी व्हायलाच पायजे. आता मंडळात बघते."

मंडळ म्हणजे आमच्या खाडीकाठच्या लोकांनी कुवेतमध्ये चालवलेलं मंडळ. बहुतेक मुसलमान, थोडे आमच्यासारखे. दर वर्षी वर्गणीतून मुलखात एक काम करायचं असा शिरस्ता. या वर्षी दोन कामं पुढे होती. एक, मुंबईत बोटीची वाट बघणाऱ्यांसाठी मुसाफिरखाना. दुसरं, सोनखारच्या खाडीवर होडी आणि बारमाही नावाडी. मतदान ठरलं होतं, पण ते नेहमी शुक्रवारी दुपारी शहरातल्या एका खोलीत व्हायचं. दुकानदार यायचे. मेसमधले आचारी, घरकामाला असलेल्या बाया, दूर वाळवंटात वफ्र्याच्या तेलपंपांवरची माणसं, यांना कुठला शुक्रवार? वर्गणी भरायची आणि काय ठरलं ते मागाहून ऐकायचं.

त्या वर्षी मात्र मताची हवाच होती. कुवेत नुकतंच स्वतंत्र झालेलं, त्यांची स्वतःची पहिली निवडणूक तोंडावर आलेली. बाजारात, दिवाणियात (पुरुषमंडळींची बैठकीची खोली) तोच विषय. आपल्याकडेही निवडणूक जवळ आली होती. वसंत उसासून म्हणाला, "ताई, इथं आपण परके, तिकडं गैरहजर. मत म्हणून जे काय आहे ते या मंडळातच."

एका फळवाल्याची पिकअप चालवणारे उस्मानभाई आणि त्यांचे चार-पाच सोबती यांनी हट्ट धरला होता: माणसं पेटीपाशी येऊ शकत नसतील तर पेटी माणसांकडे न्यायची. मी मुलखात याआधीच्या दोन्ही निवडणुकांना मतदानाचं काम केलं होतं हे कळल्यावर ते थेट घरी आले. मी म्हटलं, "उस्मानभाई, मला घेऊ नका. मला होडी हवी आहे. पोर माझ्या वर्गातली."

"म्हणून तर आलो. तुम्ही मनातलं तोंडावर बोलता. लबाडी केली तर आधी तुमच्याच चेहऱ्यावर दिसंल."

मग मी हो म्हटलं.

मंडळाचे अध्यक्ष अब्दुल्लाशेठ, शहरात कापडाचं दुकान. त्यांनी इस्तिकानात (चहाचा कमरेला बारीक असलेला छोटा पेला) गोडमिट्ट चहा पाजला. त्यांना मुसाफिरखाना हवा होता आणि बाहेरची मतं होडीला जाणार अशी त्यांची खात्री होती. म्हणून ते आधी नको म्हणत होते. तरी माणूस सभ्य. शेवटी म्हणाले, "न्या पेट्या. पण मगरिबच्या (सूर्यास्ताच्या) अजानच्या आत इथं पोचल्या पाहिजेत. नंतर आलेली मतं मोजणार नाही. आणि बाई, ती जुलेखाबी... यादीत नाव अजून तिच्या नवऱ्याचंच आहे."

"नवरा वारला. वर्गणी कोण भरतं?"

"ती."

"मग मत द्यायला त्याला कुठून बोलावू?"

शेठ एवढे हसले की चहा सांडला. जुलेखाबीचं मत पक्कं झालं.

पुढचे दोन शुक्रवार उस्मानभाईंची मंडळी मेस-मेसमधून फिरली. मीही गेले. बिस्किटांच्या डब्यांना वर चीर पाडलेली, एकावर होडीचं चित्र, दुसऱ्यावर घराचं. पडद्याआड जायचं, हव्या त्या डब्यात चिठ्ठी टाकायची. वाचता न येणाऱ्यालाही जमेल असं. सरावासाठी अहमदीच्या मेसमध्ये आम्ही खोटं मतदान घेतलं: रात्रीला मटण की मासळी? एक चिठ्ठी सोडली तर सगळ्या मासळीच्या डब्यात निघाल्या. आचारी भडकला. "मासळी काय माझ्या बापाच्या ताफ्यातून आणू? मटण चढलंय चुलीवर!" सगळे ओरडले, "मत म्हणजे मत!" त्या दिवशी मटणच खाल्लं, पण पुढच्या आठवड्यात त्याने कुठूनशी सुरमई पैदा केली.

मतदानाच्या शुक्रवारी सकाळी अहमदीचे डबे भरले. लाखेने बंद करून वसंताबरोबर शहरात पाठवले. दुसरी जोडी घेऊन आम्ही वफ्र्याला निघालो: उस्मानभाई गाडीवर, मी, आणि होडीवाल्यांची साक्षीदार म्हणून जुलेखाबी. तिने मेमसाहेबांकडून अख्खा दिवस मागून घेतला होता. रस्ता कसला, चाकांच्या खुणा. वाळू आणि वर आभाळ, दूर तेलाच्या विहिरींवरच्या ज्वाळा भर दुपारीही पेटलेल्या. वफ्र्याला तेलाचा तळ आणि जवळच नुकती लावलेली थोडी भाजीची शेतं. एवढ्या रखरखाटात कोबी बघून मला हसूच आलं.

आमच्या माणसांनी ताडपत्रीच्या सावलीत जेवायला बसवलं. भात, डाळ, खुब्ज (तिथली रोटी), आणि कांदा घालून सुकटीची चटणी. हात धुऊन रांग लागली. पंपावरचा बाबामियाँ नावाचा म्हातारा सर्वांत पुढे, धुतलेला सदरा घालून. "बाई, उमरीत पहिल्यांदा कुणी मना विचारायला आलंय," म्हणाला आणि पडद्याआड बराच वेळ उभा राहिला.

मतदान झाल्यावर चहा. तिथं बोलता बोलता एक जण म्हणाला, "मुसाफिरखाना झालाच पायजे. गोदीबाहेर फुटपाथवर झोपलो, पेटी चोरली, पासपोर्टसकट." दुसरा म्हणाला, "होडी कशाला? आमच्या गावाला पूल हाय." एकेक करून सगळेच तेच बोलू लागले. मी उस्मानभाईंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला होता. जुलेखाबीने अर्धा पेला तसाच खाली ठेवला. जी मतं मिळवायला ही दोघं एवढी धडपडली, ती निघाली होडीच्या विरोधात!

बाबामियाँ वफ्र्याचे साक्षीदार म्हणून मागे डबे मांडीवर घेऊन बसले आणि आम्ही परत फिरलो. अर्ध्या वाटेवर उस्मानभाईंनी खड्डा चुकवायला गाडी बाजूला घेतली आणि मागची चाकं वाळूत बसली. दोनदा जोर दिला तर आणखी खोल. सूर्य कलला होता.

उस्मानभाई उतरले, चाकाकडे बघितलं आणि गाडीला टेकून सिगारेट पेटवली. "राहू दे बाई. अल्लाची मर्जी. आपण काय मुद्दाम केलं नाय."

खोटं कशाला बोलू? माझ्याही मनात आलं की बरं झालं. नाही पोचले डबे तर शहर आणि अहमदी मिळून होडी येईल. हमीदा शाळेत येईल. कुणाला दोषही नाही. मी जागेवरून उठले नाही.

जुलेखाबी खाली उतरली. ओढणी कमरेला खोचली, जेवणाच्या डब्याचं झाकण घेतलं आणि चाकापुढची वाळू उपसायला लागली. "उस्मान, ऊठ."

"जुलेखाबी, आत काय हाय ते ऐकलंस ना? तुझ्याच पोरीचं..."

"ऐकलं. माझ्या पोरीचं मना ठाऊक. ती माणसं रांगेत उभी राहिली ती काय वाळूत पुरायला? मग शेठ काय वाईट होता? ऊठ म्हणते ना!"

ती रडत होती आणि उपसत होती. मला माझीच लाज वाटली. मी वहाणा काढल्या आणि दुसऱ्या चाकाशी बसले. उस्मानभाईंनी सिगारेट फेकली. मागे बसलेले बाबामियाँ बघत होते.

आमच्या हातांनी ती गाडी निघाली नसती. तेवढ्यात पाण्याचा एक ट्रक आला. चालवणारा कुवेती, पन्नाशीचा. तरुणपणी गलबतावर लाकूड भरायला मलबारला जायचा, वाटेत आपल्या बंदरांत थांबायचा, त्यामुळे मोडकं हिंदी यायचं. दोर बांधता बांधता त्याने डब्यांकडे बोट दाखवलं. "इसमें क्या?"

"वोट," उस्मानभाई म्हणाले.

तो खूश होऊन छातीवर हात मारत म्हणाला, "हमारा भी आता! पहला बार! मैं भी देगा!"

जुलेखाबीने विचारलं, "और तुम्हारा औरत लोग?"

तो जरा ओशाळला. "वो... अभी नहीं." मग त्याने दोर असा खेचला की गाडी उडीच मारून बाहेर आली. आमच्या पुढे राहून पक्क्या रस्त्यापर्यंत वाट दाखवली, आणि आम्ही अजान सुरू होता होता शहरातल्या खोलीच्या पायऱ्या चढलो. अब्दुल्लाशेठ दारातच होते. त्यांनी आमचे वाळूने माखलेले हात पाहिले आणि घड्याळाकडे न बघता डबे आत घेतले.

मी मोजणी केली. शहर आणि अहमदी मिळून होडी पुढे होती. मग वफ्र्याचे डबे उघडले आणि घराच्या चिठ्ठ्यांचा ढीग वाढत गेला. मुसाफिरखाना जिंकला. खोलीतल्या प्रत्येकाला कळलं होतं की हे डबे वाळूत राहिले असते तर निकाल उलटा लागला असता. निकाल मीच वाचून सांगितला.

"समदी मोजली ना?" जुलेखाबीने विचारलं.

"सगळी."

"मग झालं." तिने ओढणीने तोंड पुसलं.

तेव्हा बाबामियाँ उठले. "मी गाडीत बसून बघितलं. आत काय हाय ते ठाऊक असून या जुलेखाबीने आमची मतं हातांनी उकरून काढली. मी घराला मत दिलं, खोटं बोलणार नाय. पण पुढल्या साली डबे परत वफ्र्याला आणा. मी माझ्या माणसांशी बोलतो."

शेठ हळूच म्हणाले, "आणि हीच मतं मी नको म्हणत होतो." मग उभे राहून त्यांनी जाहीर केलं की यापुढे दर वर्षी पेट्या सगळीकडे जातील, आणि वेळेची अट राहणार नाही. टाळ्या पडल्या. जुलेखाबीनेही वाजवल्या.

परतीच्या बोटीवर मी फार विचार केला. मुलखात मतदानाचं काम करताना मला वाटायचं, शिक्के नीट मारले, रांग सरळ ठेवली की झालं. आपल्याविरुद्धचं मत सुखरूप पोचवायचं, तेही आपलं घर जळत असताना, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. पण अभिमान वाटत असला तरी जीव थाऱ्यावर नव्हता. त्या पोरीला काय सांगणार होते मी?

परत कामावर रुजू झाले त्या दिवशी शाळा सुटल्यावर हमीदाबरोबर खाडीपर्यंत चालत गेले. ओहोटी होती. तिच्या आईने माझ्याबरोबर पाठवलेली पेन्सिलीची डबी तिने उघडून बंद केली, परत उघडली. मतदानाचं तिला आईच्या पत्रातून कळलं होतं.

"आई जिंकली?"

"नाही गं. हरली." मग मी तिला सगळं सांगितलं, वाळू, डबे, बाबामियाँ. ती चिखलाकडे बघत ऐकत होती.

"परत मत कवा?"

"पुढच्या थंडीत."

"मग आजीला सांगते, तवर नाव काढायचं नाय." तिने परकर खोचला, दप्तर डोक्यावर घेतलं आणि चिखलात उतरली. थोडं जाऊन वळली. "बाई, त्या वफ्र्याच्या मामांनी आमची खाडी कधी बघितलीच नाय ना?"

"नाही."

"मग त्यांना कसं कळणार?" ती ओरडली. "उद्या गणित नको. आधी पत्र कसं लिहायचं ते शिकवा!"